गावठी कोंबडीची पिसं घरी कशी काढायची? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखाड लागला की कोल्हापुरात पंचगंगेचं नवं पाणी त्र्यंबोलीला वाहायला गल्लोगल्लीच्या मिरवणुका 'पी ढबाक'च्या सुरात निघतात आणि त्याच दिवसांत घरोघरी गावठी कोंबडं येतं. नंतर गावोगावच्या म्हाया आणि जत्रा असतातच. चौकातल्या दुकानातून बॉयलर सोलून आणायची सवय लागलेल्या घरात जिवंत कोंबडं आलं की पहिली अडचण पिसांचीच होते. पाणी किती तापवायचं, किती वेळ बुडवायचं, भाजायचं कशावर, हे पूर्वी घरातल्या मोठ्यांना हाताच्या सवयीने माहीत असायचं. आता ते विचारावं लागतं, आणि विचारायला काहीच हरकत नाही. जे प्रश्न सारखे येतात त्यांची उत्तरं इथे देत आहे.

दुकानात दोन मिनिटांत कातडीसकट सोलून मिळते. मग पिसं काढत बसायचं कशाला?

कारण गावठी कोंबडीची चव बरीचशी कातडीत आणि कातडीखालच्या पिवळ्या चरबीत असते. दुकानदार पिसांसकट कातडी ओढून काढतो तेव्हा ती चव टोपलीत जाते. बॉयलरच्या बाबतीत फार बिघडत नाही. दीड महिन्याचा तो पक्षी, कातडीखाली मऊ चरबी भरपूर, ती रश्श्यात तवंग म्हणून नुसती तरंगते. गावठीचं तसं नाही. वर्षभर उकिरडा उकरून, किडे-दाणे खाऊन वाढलेल्या पक्ष्याला चरबी मुळातच कमी, कातडी जाड. हीच कातडी तासभर शिजली की पाण्यात उतरते आणि अळणी रश्श्याला, म्हणजे मसाला घालण्याआधीच्या शिजवणीच्या पाण्याला, अंग येतं. पांढऱ्या रश्श्याचा पाया हा अळणीच असतो. तो पातळ, फिका झाला तर नारळाचं दूध आणि खसखस कितीही घाला, तोंडात काही राहत नाही.

माझं स्पष्ट मत असं की गावठी कोंबडी सोलून शिजवायची असेल तर तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. ज्यांना डॉक्टरांनी चरबी बंद केली आहे त्यांनी ताटात आल्यावर कातडी बाजूला काढावी, पण शिजताना ती भांड्यात असू द्यावी.

पिसं एवढी घट्ट का बसलेली असतात?

प्रत्येक पीस कातडीतल्या एका छोट्या खळगीत रुतलेलं असतं आणि त्या खळगीच्या भोवती बारीक स्नायू असतात. पिसं फुगवणं, मिटवणं हे काम तेच करतात. पक्षी मेल्यावर शरीर ताठरायला लागतं तेव्हा ही पकड आणखी आवळते. म्हणून कापल्यानंतर तास-दोन तास तशीच ठेवलेली कोंबडी उपटायला दुप्पट त्रास देते.

गरम पाण्याचं काम एवढंच, की खळगीतली प्रथिनं सैल करायची आणि पकड सोडवायची. पाणी कमी तापलेलं असेल तर पकड सुटत नाही. जास्त तापलेलं असेल तर पकड सुटते, पण त्याबरोबर कातडीही शिजते आणि पिसासोबत तिचा तुकडा हातात येतो. सगळं कसब या दोहोंच्या मधल्या थोड्याशा जागेत आहे. जोर लावून इथे काही साधत नाही. जोर लावावा लागतोय म्हणजे पाणी चुकलंय, असं समजावं.

पाणी नेमकं किती गरम हवं?

साधारण ६२ ते ६६ अंश सेल्सिअस. तलंगेला, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबडीला, ६२-६३ पुरे. जुन्या कोंबडीला किंवा थोराड कोंबड्याला ६५-६६ लागतं. मोठ्या कत्तलखान्यांत दोन पद्धती चालतात. एकीत ५० ते ५४ अंशाच्या पाण्यात दीड-दोन मिनिटं किंवा थोडं जास्त ठेवतात. त्यामुळे कातडीचा वरचा पिवळसर पापुद्रा टिकतो. दुसरीत ६० च्या आसपास किंवा थोडं वर, पाऊण ते एक मिनिट. त्यात पापुद्रा जातो, पण पिसं सहज निघतात. पहिली पद्धत यंत्रावर जमते, कारण तिथे पिसं रबरी बोटांनी घासून काढतात. हाताने उपटायचं तर दुसरीच धरावी.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे खळखळ उकळतं पाणी थेट ओतणे. कोंबडी परातीत ठेवायची आणि वरून तांब्याने उकळतं पाणी घालायचं, ही पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. त्यात छातीवरची कातडी पांढरीफटक होऊन शिजते आणि पंखाखालची पिसं कोरडीच राहतात. मग छातीची कातडी चिंध्या होऊन निघते, आणि पंखांना मात्र पक्कड लावावी लागते.

घरात थर्मामीटर नाही. मग अंदाज कसा घ्यायचा?

मापाने पाणी मिसळा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथे पाणी साधारण ९८ अंशालाच उकळतं. तीन भाग उकळतं पाणी आणि दोन भाग नळाचं साधं पाणी एकत्र केलं की मिश्रण ६८-६९ अंशाच्या जवळ येतं. थंड भांडं आणि कोंबडीचं स्वतःचं अंग त्यातले तीन-चार अंश खातं, आणि नेमकं हवं ते तापमान मिळतं. थंडीत नळाचं पाणी फार गार असेल तर ते थोडं कमी घाला. फ्रिजचं किंवा माठाचं पाणी मापाला धरू नका, हिशेब चुकतो.

पाणी कमी घेऊ नका. दीड किलोच्या कोंबडीला आठ-दहा लिटर तरी हवं आणि भांडं उभट हवं. जुना तुपाचा डबा, पत्र्याची बादली, अंघोळीचा मोठा हंडा, काहीही चालेल. पसरट पातेल्यात कोंबडी पूर्ण बुडत नाही, आणि न बुडालेला भाग नंतर छळतो. बंब असेल तर उत्तम, त्यातलं पाणी काढून त्यात गार मिसळावं. गॅस गिझरचं पाणी मात्र बहुतेक वेळा कमी पडतं. अंगावर चटका बसला तरी ते पिसं सोडवण्याइतकं तापलेलं नसतं.

पाण्यात चिमूटभर कपड्याची पावडर किंवा भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घालतात ते का, असंही विचारतात. पिसांवर तेलाचा थर असतो. साबणामुळे तो फुटतो आणि पाणी मुळापर्यंत पोचतं. कोंबडीला याची गरज नाही. बदकाला आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. आणि साबण घालायचाच असेल तर भांड्यांचा घाला, कपड्यांचा नको.

किती वेळ बुडवायची? झालं हे ओळखायचं कसं?

पाय धरून, डोकं खाली करून पूर्ण बुडवा आणि वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवत राहा, म्हणजे पाणी पिसांच्या खाली शिरतं. नुसती बुडवून ठेवली तर पिसांत अडकलेली हवा पाण्याला आत येऊ देत नाही. अर्ध्या मिनिटाने बाहेर काढून शेपटीचं एक मोठं पीस ओढून बघा. अडखळत आलं तर पुन्हा दहा-पंधरा सेकंद. सहज, आवाज न करता आलं तर थांबा. तलंगेला ४०-४५ सेकंदांत काम होतं, जुना कोंबडा मिनिटभर किंवा सव्वा मिनिटही घेतो.

दुसरी खूण पायांची. शेवटी पाय उलटे धरून त्याच पाण्यात बुडवा. नखांची टोपणं फिरवून निघाली आणि पायावरचे खवले सालासारखे सुटले की पाणी योग्य होतं. पाय टाकू नका, त्यांचा रस्सा फार दाट होतो.

कापल्या कापल्या लगेच पाण्यात टाकली तर चालते का?

नाही, आणि हे मी ठामपणे सांगते. रक्त पूर्ण वाहून जायला दोन-तीन मिनिटं लागतात. हालचाल पूर्ण थांबल्याशिवाय, डोळ्याला बोट लावल्यावर पापणी हलत नाही याची खात्री झाल्याशिवाय पक्षी गरम पाण्याजवळ नेऊ नये. जिवंत जीव उकळत्या पाण्यात जाणं ही क्रूरता आहे, घाई हे त्याचं कारण होऊ शकत नाही. शिवाय रक्त अंगात राहिलं तर मान आणि पंखांची टोकं लालभडक होतात आणि मांस लवकर खराब होतं.

कापण्याचं काम ज्याला येतं त्यानेच करावं. घरात कुणाला येत नसेल तर गावठी विकणारा कापून देतो, पिसं घरी काढायची एवढंच त्याला सांगावं. आदल्या रात्रीपासून कोंबडीला दाणा बंद, पाणी मात्र चालू ठेवा. गळ्यातली दाण्याची पिशवी आणि आतडी रिकामी असली की पुढची सफाई निम्मी होते.

उपटायला सुरुवात कुठून करायची?

पंख आणि शेपटी आधी. ही पिसं सर्वांत खोल रुतलेली असतात आणि कोंबडी गार होत जाईल तशी पुन्हा धरून ठेवतात. पंखाची लांब पिसं एकेक किंवा दोन-दोन, ज्या रेषेत उगवली आहेत त्याच रेषेत सरळ ओढा. पिळून ओढलं की पीस मुळाशी तुटतं आणि नळी आत राहते. मग मांड्या, पाठ, मान. छाती सर्वांत शेवटी आणि सर्वांत हलक्या हाताने, कारण तिथली कातडी पातळ आणि खालचं मांस फुगीर असतं.

एका हाताचा अंगठा आणि तर्जनी यांनी कातडी ताणून धरायची, दुसऱ्या हाताने चिमूटभर पिसं धरून आखूड झटका द्यायचा. मूठभर पिसं एकदम ओढायचा मोह आवरा. पाणी नीट लागलेलं असेल तर मांड्या आणि पाठ यांवर नुसता तळहात चोळला तरी पिसं गोळा होऊन येतात. मध्येच कोंबडी गार पडली तर पुन्हा दहा सेकंद त्याच पाण्यातून काढा. शेजारी गार पाण्याचं घमेलं ठेवा, हाताला चिकटलेली पिसं त्यात झटकता येतात.

दोघांनी मिळून करायचं हे काम आहे. एकाने पाय धरायचे, दुसऱ्याने उपटायचं, आणि वीस मिनिटांत कोंबडी स्वच्छ होते. लहान पोरांना शेजारी बसवायला घाबरू नका. आपण जे खातो ते कुठून येतं हे त्यांनी बघितलेलं बरं. ज्याला बघवत नसेल त्याच्यावर मात्र सक्ती नको.

छातीची कातडी फाटली. आता?

फाटलेल्या जागेच्या आजूबाजूची पिसं फाटीपासून दूर न ओढता फाटीच्या दिशेने ओढा, म्हणजे चीर वाढत नाही. रश्श्यासाठी तुकडेच करायचे असतील तर काही बिघडत नाही.

पिसं गेली, पण कातडीत काळ्या टोकदार काड्या दिसतात. त्या काय आहेत?

नवी उगवणारी पिसं. कोंबडी जुनी पिसं गाळून नवी धरते तेव्हा कातडीभर अशा कोवळ्या नळ्या असतात, आणि त्यांच्यात रंगद्रव्य भरलेलं असतं. दाबल्यावर शाईसारखं काळं निघतं ते हेच. खाण्याला त्यापासून अपाय नाही, पण दिसायला वाईट दिसतं आणि दाताखाली आलं तर नको वाटतं. सुरीची बोथट कड आणि अंगठा यांच्यामध्ये नळी धरून उपटा. भुवया कोरायचा चिमटा याला सर्वांत चांगला, फक्त तो स्वयंपाकघरासाठी वेगळा ठेवा.

खरा उपाय कोंबडी निवडतानाच करायचा असतो. विकत घेताना पाठीवरची पिसं उलटी फुंकून कातडी बघा. नळ्याच नळ्या दिसल्या तर ती कोंबडी महिना-दीड महिना राहू द्या, दुसरी घ्या. कडकनाथची गोष्ट वेगळी. त्याची कातडी आणि मांसच काळं असतं, त्यामुळे नळ्या दिसत नाहीत, बोटांनीच शोधाव्या लागतात.

भाजायची कशावर? गॅसवर चालेल का?

हा भाग मला सर्वांत जवळचा. पिसं काढल्यावर अंगावर केसांसारखी बारीक लव राहते, ती उपटून निघत नाही, जाळावीच लागते. करवीर-पन्हाळ्याकडच्या गावांत भाताच्या पिंजराचा, म्हणजे वाळलेल्या काडाचा, जाळ करतात, उसाच्या पट्ट्यात वाळलेला पाला वापरतात. पिंजराचा जाळ भडकतो, चार क्षणांत लव घेतो आणि विझतो, कातडी शिजायच्या आत काम होतं. त्याचा हलका धुरकट वास कातडीत उतरतो आणि तो पुढे तांबड्यातसुद्धा लपत नाही. ज्यांच्या दारात थोडी मोकळी जागा आहे त्यांनी गॅस सोडून एकदा पिंजर वापरून बघावं.

गॅसही चालतो. मोठ्या शेगडीची निळी ज्योत ठेवा, पाय आणि मान धरून कोंबडी सतत फिरवत न्या. एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. पंखाची काख आणि मांडीची बेचकी उघडून दाखवा, लव तिथेच दडते. पिवळी ज्योत काजळी धरते, म्हणून बर्नर आधी साफ करा.

रॉकेल, टायर, प्लॅस्टिक, रंगवलेलं लाकूड किंवा छापील कागद यांवर कधीही भाजू नका. त्यांची विषारी काजळी चरबीत मुरते आणि धुऊन जात नाही.

भाजून झालं की कोंबडीला हळद, मीठ आणि थोडं ज्वारीचं पीठ चोळा आणि सुरीच्या पाठीने हळूहळू खरवडा. जळकी लव, काजळी, सुटलेला पापुद्रा सगळं पिठात गोळा होऊन येतं. मग एका पातेल्यात पाणी घेऊन धुवा. नळाच्या धारेखाली धरू नका, कारण शिंतोडे ओटाभर उडतात आणि कच्च्या कोंबडीवरचे जंतू कोथिंबिरीच्या जुडीवर जाऊन बसतात.

आतून साफ करताना काय सांभाळायचं?

तीन गोष्टी. शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला पिवळसर तेलाची गाठ असते, ती खोल कापून काढा, नाहीतर रश्श्याला उग्र वास येतो. काळजाला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटू देऊ नका. फुटलीच तर तो भाग लगेच कापून टाका, धुऊन कडूपणा जात नाही. पोटा चिरून आतली खड्यांची पिशवी आणि पिवळं अस्तर सोलून काढा.

लाव्याची पिसं कशी काढायची?

फार्मवर वाढवलेला जपानी लावा असेल तर गोष्ट सोपी आहे. हा पक्षी १९७४ साली अमेरिकेतून उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या संशोधन संस्थेत आणला गेला आणि तिथून देशभर पसरला. पाच-सहा आठवड्यांत तो दीडशे ते दोनशे ग्रॅमचा होतो. कातडी कागदासारखी पातळ, म्हणून पाणी ६० अंशाच्या आसपास ठेवा आणि अर्ध्या मिनिटाच्या आतच बाहेर काढा. उपटायची गरज कमी, ओल्या अंगावर अंगठा फिरवला की पिसं घसरतात. लव जाळताना ज्योतीवरून एकदा पुढे, एकदा मागे, बस्स. पुष्कळ जण कंटाळून सोलतात, पण एवढ्याशा पक्ष्याची कातडी काढली तर तो तव्यावर कोरडा होतो. विकत घेताना फार्मची पावती मागून घ्या. का, ते पुढच्या उत्तरात आहे.

उसाच्या फडात तित्तर, लावे दिसतात. धरून आणले तर हीच पद्धत चालेल का?

धरून आणू नका. रानातले तित्तर, लावे, रानकोंबडी, पाणकोंबड्या आणि मोर या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. बंदुकीने मारणं तेवढीच शिकार असं या कायद्यात नाही. फासे लावणं, जाळं टाकणं, दाणा टाकून पकडणं, अंडी उचलणं हेही शिकारीतच येतं. त्यांचं मांस घरात सापडणं हाही गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मोरासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या जिवाला हात लावला तर कैद किमान तीन वर्षं आणि कमाल सात, वर किमान पंचवीस हजार दंड. 'आमच्या शेतात आला होता' ही सबब चालत नाही.

'आमचे आजोबा मारायचे' असं काही जण म्हणतात. मारत असतील. कोल्हापूर संस्थानात शिकारीचा थाट फार मोठा होता. इथे शिकारीसाठी चित्ते पाळले जायचे, त्यांना सांभाळणारी माणसं होती, आणि न्यू पॅलेसच्या संग्रहालयात त्या काळातली पेंढा भरलेली जनावरं आजही उभी आहेत. पण त्याच संस्थानाची शिकारीची राखीव रानं पुढे अभयारण्य झाली. दाजीपूरचं जंगल १९५८ साली गव्यांसाठी राखलं गेलं, राज्यातलं ते पहिलं अभयारण्य. आज राधानगरी म्हणून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. रानकोंबड्याची बांग पहाटे तिथे ऐकू येते ती या राखणीमुळेच. ती बांग रश्श्यापेक्षा मोठी आहे, असं मला मनापासून वाटतं.

कुणी पक्षी विकायला आणले किंवा शेतात फासे दिसले तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि रानातल्या पक्ष्याची चव हवी असेल तर मोकळ्यावर फिरलेला गावठी कोंबडा आणा, रानकोंबडा त्याच्याच कुळातला आहे.

परदेशी व्हिडिओंत शिकारीचे पक्षी पिसांसकट चार-पाच दिवस टांगून ठेवतात. आपणही ठेवावं का?

मुळीच नाही. इंग्लंडमध्ये फेझंटच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी असतो, ग्राउजचा १२ ऑगस्टपासून १० डिसेंबरपर्यंत. म्हणजे टांगण्याचं काम बरंचसं हिवाळ्यात, हवेशीर, थंड खोलीत होतं. त्या गारव्यात मांस सावकाश मुरतं आणि मऊ पडतं. आपल्याकडे आषाढात हवा दमट आणि पंचवीस अंशाची. इथे तेच केलं तर रात्रीतून मांस नासतं.

तिकडे बरेच जण पिसं कोरडीच उपटतात. त्यालाही कारण आहे. टांगून मुरवायचा पक्षी ओला केला तर लवकर खराब होतो, आणि फेझंटची कातडी इतकी नाजूक असते की गरम पाण्यात ती लगेच सुटते. कोंबडी कोरडी उपटायची असेल तर मेल्यानंतर दहा मिनिटांच्या आत, अंग गरम असतानाच करावं लागतं. पीस भिजत नसल्यामुळे कातडी सुंदर राहते, पण धूळ आणि बारीक लव नाकातोंडात जाते. पहिल्यांदाच करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

बदकाचं काय?

धीर लागतो. बदकाच्या पिसांवर तेलाचा जाड थर आणि खाली दाट मऊ पिसं, त्यामुळे पाणी ६५ ते ७० अंश, वेळ दोन-तीन मिनिटं, आणि इथे मात्र साबणाचे दोन थेंब घालाच. बाहेर काढल्यावर जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून पाच मिनिटं ठेवलं तर वाफेने राहिलेलं काम होतं. व्यवसाय करणारे खाण्यायोग्य मेणात बुडवून मेण थिजल्यावर सोलतात. घरी मेणबत्तीचं मेण वितळवून तसं करू नका, त्यात रंग आणि वास मिसळलेला असतो.

पिसं काढायचं मशीन घ्यावं का?

वर्षातून दोन-चार कोंबड्यांसाठी नको. रबरी बोटांचा फिरता ड्रम एका वेळी अर्ध्या मिनिटात कोंबडी साफ करतो हे खरं, पण पाणी नीट लागलेलं नसेल तर तोच पंख मोडतो आणि कातडी फाडतो. म्हाईला पन्नास पाहुणे येणार असतील तर ज्याच्याकडे ड्रम आहे त्या गावठीवाल्याकडूनच काढून आणा आणि भाजण्याचं काम घरी ठेवा.

बर्ड फ्लूच्या बातम्या येतात तेव्हा घरी पिसं काढावीत का?

आसपास साथ असेल तर नाही. शिजवलेल्या मांसापेक्षा धोका पिसं काढताना आणि आतडी साफ करताना जास्त असतो, कारण तेव्हा विषाणू हातांवर आणि हवेत येतो. भारतात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा २००६ साली आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापुरात सापडला. २०२१ च्या जानेवारीत परभणीत सापडला. म्हणून मरगळलेली, तुरा निळा पडलेली, नाकातोंडातून स्राव येणारी कोंबडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. आपोआप मेलेली कोंबडी तर कधीच साफ करू नये. एकाच वेळी दोन-तीन कोंबड्या मेल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

एरवीही हातमोजे आणि तोंडाला रुमाल असावा, हातावर जखम असेल तर काम दुसऱ्याला द्यावं. मांस मधोमध ७४ अंशांपर्यंत तापलं की हे जंतू मरतात. गावठी कोंबडी तासभर रटरटते, तेव्हा ती काळजी नको.

साफ झाल्यावर लगेच फोडणीला टाकावी का?

वेळ असेल तर थांबा. कापल्यावर काही तास मांस ताठरलेलं असतं आणि त्या अवस्थेत शिजवलं तर वातड लागतं. हळद-मीठ लावून, झाकून, सहा-आठ तास फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी कापली तर रात्रीचं जेवण, असा बेत उत्तम. फ्रिजमध्ये ठेवण्याआधी बर्फाच्या पाण्यात बुडवून अंगातली ऊब काढा.

जत्रेत हे जमत नाही, पाहुणे ताटावर असतात. तेव्हा मंद आचेवर जास्त वेळ द्या आणि मीठ शेवटी घाला.

एवढ्या पिसांचं करायचं काय?

गटारीत नको, नाल्यात नको, पंचगंगेत तर नकोच. ओली पिसं एकमेकांत गुंतून ड्रेनेज तुंबवतात. फ्लॅटमध्ये काम करणार असाल तर बाथरूमच्या जाळीवर जुनं फडकं बांधा आणि पाणी गाळूनच सोडा.

पिसं म्हणजे जवळजवळ निव्वळ केराटिन, आणि त्यात साधारण पंधरा टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे खताला उत्तम. पण ती कुजायला कित्येक महिने घेतात. परसात दीड-दोन फूट खड्डा काढा, पिसं शेणकाल्यात भिजवून घाला, वर पाचट आणि माती दाबा. उथळ पुरलीत तर रात्री कुत्री उकरतात. आतडी आणि रक्तही त्याच खड्ड्यात चालतं, माती मात्र वर फूटभर तरी हवी. आखाडात पुरलेला खड्डा पुढच्या पावसाळ्यापर्यंत उकरू नका. त्यावर भोपळ्याचा किंवा दोडक्याचा वेल लावला तर चांगला धरतो.

कोंबड्याच्या मानेची आणि शेपटीची रंगीत पिसं पोरं मागतात. ती साबणाच्या पाण्यात धुऊन, दोन दिवस कडक उन्हात वाळवून मगच त्यांच्या हातात द्या.